तहसीलमधे निराधारच्या पडताळणीला दिव्यांग माणसाने स्वतः जायलाच हवं का? सोय मागायची कशी?

निशिगंध_७
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. व्हीलचेअरवर असतो, हात खांद्याच्या वर जात नाहीत, पण सही करतो आणि डोकं माझ्यापेक्षा चारपट चालतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, टक्केवारी ८० च्या वर. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे त्याला चालू आहेत, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे १५०० चे २५०० केले ना, तेच. आता यंदाची पडताळणी आलीय, हयातीचा दाखला, कागदपत्रं सगळं, आणि निरोप असा की लाभार्थ्याने स्वतः हजर राहावे.

आमच्या तालुक्याच्या ऑफिसात ही शाखा वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खाली रॅम्प आहे, म्हणजे उद्घाटनाच्या फोटोपुरता आहे, त्याच्या तोंडाशी कायम चारपाच मोटारसायकली लावलेल्या असतात आणि रॅम्प जिथे संपतो तिथेच दाराला चार बोटं उंच उंबरा. गेल्या वर्षी मी आणि दोन अनोळखी माणसांनी भावाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. बावीस पायऱ्या. मधल्या वळणावर खुर्चीचा पाय सटकला आणि त्याचं डोकं भिंतीला आपटलं. वर गेल्यावर साहेबांनी एकदा मान वर करून बघितलं, "हं, ठीक आहे" म्हणाले, झालं काम. अर्धा मिनिट पण नाही लागला. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, पुढच्या वर्षी पैसे बंद झाले तरी चालतील पण मला असं पोतं उचलल्यासारखं नेऊ नकोस.

तर आता काय करू? कुणी अशी सोय मागितलीय का, आणि मागितल्यावर मिळाली का?

तिरकस
ताई खरं सांगू का, कायदा बियदा बाजूला ठेवा. शिपायाला हाताशी धरा. आमच्या आजीच्या वेळी गावातल्या एका कार्यकर्त्याने फोन केला आणि साहेब स्वतः खाली रिक्षापाशी येऊन बघून गेले. पाच मिनिटात काम. अर्ज करत बसलात तर फाईल फिरेल आणि तुम्ही पण.

निशिगंध_७
@तिरकस, ओळख होती हो एक. त्यांची बदली झाली जूनमधे. आणि दर वर्षी कुणाचे तरी पाय धरायचे म्हणजे भावाला ते उचलून नेण्यासारखंच वाटतं.

बारनिशी
मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यातली सहा वर्षं संजय गांधी शाखेतच होतो. आयडी का घेतलाय ते ऑफिसातल्या लोकांना कळेल. बाकीच्यांसाठी, आलेला प्रत्येक कागद जिथे नोंदवतात त्या टेबलाला आमच्याकडे बारनिशी म्हणतात.

तिरकस चुकीचं सांगत नाहीयेत, साहेब खाली येतात, मी स्वतः कितीतरी वेळा पॅड घेऊन खाली रिक्षापाशी गेलोय. पण ते कागदावर कुठेच राहत नाही. पुढच्या वर्षी नवा साहेब, नवा कारकून, परत पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट, कारकून नाही का म्हणतो ते समजून घ्या. त्याला हौस नसते. मयत माणसाच्या नावावर वर्षानुवर्षं पैसे निघाल्याची प्रकरणं सापडतात, मग लेखापरीक्षणवाले येतात आणि विचारतात, लाभार्थी जिवंत असल्याची खात्री कोणी केली, कधी केली, सही कुठाय. त्याचं उत्तर त्या कारकुनाला द्यावं लागतं. त्यामुळे तो "समोर आणा" म्हणतो कारण तो त्याच्यासाठी सगळ्यात सोपा पुरावा आहे. तुम्ही त्याला तेवढाच पक्का दुसरा पुरावा दिलात तर त्याची अडचण संपते.

तो पुरावा म्हणजे तलाठ्याचा गृहभेटीचा अहवाल (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना, माझ्या तोंडात जुनंच नाव आहे). पहिल्यांदा अर्ज करता तेव्हा स्थानिक चौकशी तोच करतो. मग पडताळणीला त्याने घरी येऊन बघितलं, फोटो काढला, शेजारच्या दोन पंचांच्या सह्या घेतल्या तर बिघडलं कुठे? मागणी मात्र लेखी करा. तहसीलदारांच्या नावाने. शाखेत टेबलावर ठेवून येऊ नका, बारनिशीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. हे तीन नसतील तर तुम्ही अर्ज दिलेलाच नाही असं धरून चाला.

निशिगंध_७
काका, मागच्या आठवड्यात मी तोंडी विचारलं होतं घरी येता येईल का म्हणून. "असा काही नियम नाही, आम्ही किती जणांच्या घरी जाणार" असं उत्तर आलं.

वकिली_चष्मा
नियम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात रीझनेबल अकोमोडेशन अशी एक संकल्पना आहे, मराठीत वाजवी सोय म्हणू. एखाद्या दिव्यांग माणसाला इतरांसारखाच हक्क वापरता यावा म्हणून त्या माणसापुरता जो आवश्यक आणि योग्य बदल करावा लागतो तो, अट एवढीच की समोरच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. कलम ३ मधे शासनाने ही सोय मिळेल हे बघायचंय असं स्पष्ट आहे. आणि व्याख्येत, कलम २ मधे, अशी सोय नाकारणं हा भेदभावाचा एक प्रकार म्हणून धरलाय. लोकांना हे दुसरं माहीतच नसतं.

"किती जणांच्या घरी जाणार" याचं उत्तर पण त्या व्याख्येतच आहे. बोजा अवाजवी आहे हे ऑफिसने दाखवायचं. एका तलाठ्याने स्वतःच्याच सज्जातल्या (त्याच्याकडे असलेल्या गावांतल्या) एका घरी अर्धा तास जाणं हा अवाजवी बोजा कसा, हे लिहून द्या म्हणावं. लिहून देत नाहीत.

इमारतीचं वेगळं. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, नियम आले जून २०१७ मधे, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, किमान काही बंधनकारकच हवेत. पण ताई, लिफ्टच्या मागे आत्ता लागू नका. लिफ्ट येईल तेव्हा येईल, तुमची पडताळणी या महिन्यात आहे.

काठीवाला
मी पूर्ण अंध आहे, हे स्क्रीन रीडरवर ऐकत वाचतोय, टायपिंगच्या चुका असतील तर सोडून द्या.

माझा अनुभव सांगतो. आपण सोय मागायला जातो आणि सांगत बसतो आजार. कधीपासून आहे, कुठल्या डॉक्टरला दाखवलं, किती टक्के. समोरचा अरेरे म्हणतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा काम सांगायचं. मी पूर्वी म्हणायचो "मला दिसत नाही हो". आता म्हणतो, फॉर्ममधे जे लिहाल ते सही करायच्या आधी मला मोठ्याने वाचून दाखवा, आणि कागद कमी पडला तर यादी मोबाईलवर मेसेज करा, फळ्यावर लावू नका. एवढं नेमकं सांगितलं की समोरच्याला पण हायसं वाटतं, कारण त्याला खरंच माहीत नसतं काय करायचं ते.

अंगठ्याचा किस्सा सगळ्या अंधांकडे असतोच. मी पदवीधर, सही करतो, तरी निळं पॅड पुढे सरकवलेलं कळतं, त्याचा वास येतो. मी खिशातून जुनं एटीएम कार्ड काढतो, त्याची कड कागदावर जिथे रेघ आहे तिथे त्यांना धरायला लावतो आणि त्या कडेवरून सही करतो. पहिल्यांदा केलं तेव्हा कारकून बायकोला म्हणाला, "यांना सही येते?" यांना. मी समोर बसलेलो. तेव्हापासून अर्जात एक ओळ असतेच: कृपया माझ्याशी थेट बोलावे.

तिरकस
काठीवाला, ही ओळ भारी आहे. माझ्या आजीशीपण कोणी बोललं नव्हतं, सगळं माझ्याशीच. तेव्हा लक्षात नाही आलं माझ्या.

शांत_कोपरा
माझं ऐकणं बारावीच्या वर्षी गेलं. मला पायऱ्यांचा त्रास नाही त्यामुळे ऑफिसला वाटतं याला काय सोय पाहिजे. तिथे शिपाई दारातून नावं पुकारतो. मी साडेदहाला जाऊन बसलो, माझं नाव दोनदा पुकारून झालं, तिसऱ्या वेळी शेजारच्या काकांनी कोपर मारलं तेव्हा कळलं, तोवर गैरहजर शेरा पडला होता. गैरहजर! मी दारापासून सहा फुटांवर होतो.

दुसरं, फोन. त्रुटी आहे हे फोनवर कळवतात. मी फोन उचलून काय करू. "वारंवार संपर्क करूनही प्रतिसाद नाही" म्हणून प्रकरण बाजूला ठेवलं होतं चार महिने. मग एक कागद दिला, त्यात फक्त दोन मागण्या: नावाच्या वेळी चिठ्ठी दाखवा किंवा हात करा, आणि जे कळवायचं ते एसएमएसने किंवा पत्राने. फाईलच्या कव्हरवर लाल पेनने "ऐकू येत नाही, फोन करू नये" लिहून घेतलं मी त्या टेबलावर उभा राहून. ते लाल पेन कायद्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं असं माझं मत.

ज्यांची भाषाच खुणांची आहे त्यांनी दुभाषा मागावा, पण तारीख आधी ठरवून. जिल्ह्यात दुभाषे बोटावर मोजण्याइतके, आमच्याकडे मूकबधिर विद्यालयातले एक सर येतात. घरच्या माणसाला दुभाषा करू नका, ते अर्धंच सांगतात. आई मला नेहमी "काही नाही रे, झालं" एवढंच सांगायची आणि तिकडे दहा मिनिटं बोलणं चाललेलं असायचं.

बारनिशी
शांत_कोपरा, कव्हरवर लिहून घेतलंत ते अगदी बरोबर. कारकून अर्ज वाचेलच असं नाही, कव्हर बघतोच.

ओमची_आई
माझा ओम २४ वर्षांचा, ऑटिझम. गर्दी, पंख्याची घरघर, कुणी खुर्ची ओढली तरी कानावर हात. एकदा तासभर रांगेत उभं राहिल्यावर त्याने स्वतःच्या हाताला चावून रक्त काढलं आणि लोक म्हणाले बाई याला आणता कशाला. अहो तुम्हीच म्हणता आणा!

मी आता लिहून मागते: ऑफिस पावणेदहाला उघडतं, मला पावणेदहाची वेळ द्या, गर्दी व्हायच्या आत. तोवर आम्ही गाडीत थांबू, नंबर आला की मोबाईलवर मिस कॉल द्या. पहिल्या साहेबांनी हसून नाही म्हटलं, दुसऱ्यांनी दिली. पैसे लागत नाहीत, माणूस लागत नाही, एक वेळ लागते फक्त.

चेहरा ओळखणाऱ्या अॅपसमोर ओम बघतच नाही, बोटं घट्ट मिटतो. त्यावर कुणाला काही माहीत आहे का? आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आयांनी ते नॅशनल ट्रस्टचं कायदेशीर पालकत्व वेळेत करून घ्या, १९९९ चा कायदा आहे, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती असते. मुलगा १८ चा झाला की आई म्हणून तुमची सही चालत नाही हे मला बँकेच्या काउंटरवर कळलं.

वकिली_चष्मा
@ओमची_आई, डिजिटल केवायसीवर (मोबाईल, कॅमेऱ्यावरून ओळख पटवण्यावर) ३० एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रज्ञा प्रसून प्रकरण. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी केलेली याचिका होती, त्यांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत आणि अॅप म्हणतं तुम्ही जिवंत नाही. त्याच निकालात एका अंध याचिकाकर्त्याचं प्रकरणही होतं. कोर्टाने डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले, डोळे मिचकावण्याशिवाय दुसरे पर्याय ठेवा हे त्यात आहे, कागदी पद्धतही चालू ठेवा असंही आहे. आणि आधारचा ठसा लागत नाही म्हणून लाभ नाकारू नये, आयरिस (डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅन) किंवा ओटीपी किंवा शेवटी प्रत्यक्ष खात्री असे पर्याय वापरावेत, अशी केंद्राची परिपत्रकं २०१७ पासूनच आहेत. अर्जात एवढंच लिहा की ठसा आणि चेहरा दोन्ही होत नाही, पर्यायी पद्धतीने खात्री करावी.

धुकं
इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझी दिव्यांगता दिसत नाही. मानसिक आजार, प्रमाणपत्र आहे, गोळ्या चालू आहेत. टेबलावर गेले की पहिलं वाक्य, "तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसता". मग मी गप्प होते आणि जे विचारायचं ते सगळं विसरते, बाहेर आल्यावर आठवतं. तारीख चुकते कारण त्या दिवशी अंथरुणातून उठता येत नाही, आणि चुकली की परत सगळं नव्याने. मला सोय मागता येते का? का ती फक्त खुर्चीवाल्यांना? आणि माझ्या मैत्रिणीला ३५ टक्केच मिळालेत, तिला तर योजनाच नाही, पण दुसऱ्या दाखल्यांसाठी जावं लागतं.

वकिली_चष्मा
येते. कायद्यात २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यात आहे. मैत्रिणीबद्दल, ४० टक्क्यांची अट या योजनेसाठी आणि आरक्षणासारख्या गोष्टींसाठी आहे. वाजवी सोयीसाठी नाही. ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता कारण तो ४० टक्क्यांत बसत नव्हता. कोर्ट म्हणालं टक्केवारीचा आणि सोयीचा संबंध लावू नका.

तुम्ही तीन गोष्टी मागा: सोबत एक माणूस आत येऊ द्यावा, काय कागद आणायचे ते लिहून द्यावं, आणि आजारामुळे तारीख चुकली तर प्रकरण बंद न करता दुसरी तारीख द्यावी. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, यूडीआयडीची प्रत पुरे.

धुकं
नाव लिहायची गरज नाही हे वाचून बरं वाटलं. खरंच.

बारनिशी
निशिगंध ताई, हा मसुदा घ्या, काल रात्री बसून लिहिला.

"प्रति, मा. तहसीलदार. विषय: पडताळणीसाठी गृहभेट मिळणेबाबत. महोदय, मी एक असहाय्य अपंग इसम असून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभार्थी आहे. मला पायऱ्या चढता येत नसल्याने आपल्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर येणे शक्य नाही. तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार वाजवी सोय म्हणून माझी पडताळणी माझ्या राहत्या घरी संबंधित ग्राम महसूल अधिकाऱ्यांमार्फत करण्यात यावी. त्यांचा पंचनामा व छायाचित्र हयातीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावे. सदर सोय नाकारायची झाल्यास कारणे लेखी कळवावीत. आपण माझ्यावर दया करून ही विनंती मान्य करावी. सोबत यूडीआयडी कार्ड, आधार व गेल्या वर्षीच्या नोंदीची प्रत."

तारीख, सही, मोबाईल. एका पानाच्या पुढे जाऊ नका, दुसरं पान कोणी उलटत नाही.

निशिगंध_७
काका खूप खूप आभार. भावाला वाचून दाखवला. त्याने दोन ठिकाणी काट मारली. "असहाय्य अपंग इसम" काढलं आणि "दया करून" ते पूर्ण वाक्य काढलं. म्हणतो वर कायदा लिहायचा आणि खाली दया, हे कसं काय? आणि एक वाक्य त्याने स्वतः घातलंय: "गेल्या वर्षी मला खुर्चीत उचलून वर नेताना डोक्याला मार लागला, ती पद्धत मला मान्य नाही." अर्ज त्याच्याच नावाने, त्यानेच मोबाईलवर बोलून टाईप केला, मी फक्त प्रिंट काढून आणणार.

बारनिशी
त्याचं बरोबर आहे. ३१ वर्षांची सवय, हात आपोआप तसंच लिहितो. त्याला सांगा काट मान्य.

निशिगंध_७
अपडेट. काल गेले. बारनिशीवरच्या बाई म्हणाल्या आधी साहेबांना दाखवा, साहेब घ्या म्हणाले तर शिक्का मारते. साहेब मीटिंगला. दीड तास बसले, मग परत गेले आणि नुसतं म्हणाले, ताई तुम्ही शिक्का नाही मारलात तर मी हाच कागद इथून बाहेर पडून स्पीड पोस्टाने पाठवणार आणि ईमेल पण करणार, मग त्याची वेगळी नोंद होईल. आवाज थरथरत होता माझा. त्यांनी शिक्का मारला! आवक क्रमांक पण. फार रागावल्या नाहीत, उलट हळूच म्हणाल्या माझ्या सासूबाईंचे पण गुडघे गेलेत.

काठीवाला
शाब्बास. फोटो काढून ठेवा पोचेचा, झेरॉक्सवरचा शिक्का उडतो.

तिरकस
मी माझे शब्द अर्धे मागे घेतो. अर्धेच. उत्तर येतंय का बघू आधी.

वकिली_चष्मा
पंधरा दिवस वाट बघा, मग स्मरणपत्र, त्याला पण पोच. तरी काही नाही तर माहिती अधिकार: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, कोणत्या टेबलावर किती दिवस होता. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी, तोंडी अर्ज लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, कायद्याच्या कलम ६ मधेच आहे ते. कलेक्टर ऑफिसचा लोकशाही दिन (लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस) पण असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. आणि शेवटचा दरवाजा म्हणजे राज्य दिव्यांग आयुक्त, पुणे. त्यांना चौकशीचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, साक्षीला बोलवू शकतात, कागद मागवू शकतात. आयुक्तांनी शिफारस केली तर ऑफिसने त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि मान्य नसेल तर कारण तुम्हालाही कळवावं लागतं.

एक सावधगिरी, पहिल्याच अर्जात दिव्यांग कायद्याच्या कलम ८९ चा दंड वगैरे धमक्या टाकू नका. समोरचा लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो आणि फाईल विधी शाखेकडे पाठवतो, मग सहा महिने गेले.

निशिगंध_७
आज सतरावा दिवस. स्मरणपत्र द्यायला निघणार होते तर सकाळी फोन, तलाठी आप्पा येतायत.

आले. तरुण आहेत, मोटारसायकलवरून, बॅगेत रजिस्टर. खोलीत भाऊ खिडकीपाशी बसलेला. त्यांनी भावालाच विचारलं नाव काय, कधीपासून लाभ चालू आहे, माझ्याकडे बघितलं पण नाही, मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. फोटो काढला, पंचनामा लिहिला, शेजारच्या काकू आणि समोरचे दुकानदार पंच. मग सवयीने निळं पॅड उघडलं त्यांनी. भाऊ म्हणाला सही करतो. त्याच्या हाताखाली मी पाट ठेवते, कागद पाटावर, मनगट डाव्या हाताने ढकलत न्यावं लागतं त्याला, पूर्ण नाव लिहायला दोन मिनिटं तरी लागतात. आप्पा कागद हलू नये म्हणून दोन्ही कोपरे धरून वाकून उभे होते तेवढा वेळ. पॅड उघडंच राहिलं शेवटपर्यंत, जाताना बंद केलं.

ओमची_आई
निशिगंध, डोळ्यात पाणी आलं गं. मी पण उद्याच लिहिते.

शांत_कोपरा
अभिनंदन. आता ऑफिसकडून लेखी काय आलं ते महत्त्वाचं.

निशिगंध_७
आलं, परवा. पडताळणी पूर्ण, लाभ चालू. पण पत्रात वाक्य आहे, "विशेष बाब म्हणून व चालू वर्षापुरती गृहभेट मंजूर करण्यात येत आहे". म्हणजे पुढच्या वर्षी परत बावीस पायऱ्या?

बारनिशी
ते "विशेष बाब म्हणून" आम्ही सगळ्यालाच लावायचो, पायंडा पडू नये म्हणून. घाबरू नका. हे पत्र नीट ठेवा, पुढच्या वर्षीच्या अर्जाला हेच जोडायचं: गेल्या वर्षी आपणच मंजूर केलं, प्रकृतीत सुधारणा नाही, संदर्भ क्रमांक अमुक. नवा साहेब जुन्या साहेबाची सही सहसा मोडत नाही. आणि फाईलच्या कव्हरवर लाल पेन, विसरू नका.

वकिली_चष्मा
मी असतो तर आत्ताच एक दोन ओळींचा अर्ज दिला असता की दिव्यांगता कायमस्वरूपी आहे, यूडीआयडीवर तशी नोंद आहे, त्यामुळे सोय दरवर्षी नव्याने मागायला न लावता नोंद कायम ठेवावी. मिळेल न मिळेल, कागद तर राहील.

निशिगंध_७
भावाचं डोकं आधीच तिकडे चाललंय. त्याने दोन अर्ज टाईप केलेत. एक तुम्ही म्हणता तोच. दुसरा असा की आठवड्यातून एक दिवस या शाखेचं टेबल खालच्या मजल्यावर लावा, आणि रॅम्पसमोर गाड्या लावू नयेत म्हणून साखळी बांधा. म्हणतो तलाठी घरी आले ते माझं झालं, पण गेल्या वर्षी जिन्यात माझ्या पुढे एक म्हातारी बसून बसून पायऱ्या चढत होती, तिला कोण सांगणार अर्ज कर म्हणून.

तिरकस
साखळी दोन दिवसात तुटेल. पण टेबलाचं मला पटलं. माझ्या तालुक्यात मी पण देतो हाच अर्ज, भावाला विचारून मसुदा इथे टाकाल का?

निशिगंध_७
टाकते संध्याकाळी, त्याची परवानगी आहे, फक्त नाव काढून. दोन्ही अर्ज आज दिले. साखळीवर बारनिशीतल्या बाई हसल्या, टेबलावर नाही हसल्या. या वेळी शिक्का न मागताच मारला.